औसा-परिसरांतील देवालयदर्शन : एक परीक्षण

लातुराहून निघून खरोसा, औसा व निलंगा हीं स्थळें एका दिवसांत दाखविणारा, मार्गदर्शकासह प्रवास प्रस्तुत लेखकानें नुकताच केला. लोकांस इतिहासाची गोडी लावणारा हा उद्योग स्तुत्य आहे, आणि व्यवस्थेंतहि कांहीं उणें नव्हतें. परंतु जें आज श्रद्धेनें ऐकिलें जातें तेंच उद्यां छापलें जातें, व छापलेलें प्रमाण म्हणून उद्धृत होतें. म्हणून कथनाची छाननी अवश्य वाटते.

प्रारंभींच लातूर ही राष्ट्रकूटांची राजधानी असें सांगण्यांत आलें. यास आधार काय तो बिरुदाचा. शके ७८८ (इ. स. ८६६) मधील धारवाडकडील शिरूर-लेखांत पहिल्या अमोघवर्षास लट्टलूरपुराचा परमेश्वर म्हटलें आहे, व लट्टलूर म्हणजे लातूर हें समीकरण बहुमान्य आहे. पण हाच अमोघवर्ष मान्यखेटाहून, म्हणजे आजच्या कर्नाटकांतील मळखेडाहून, राज्य करीत होता. पुढें सौंदत्तीच्या रट्टांनींहि 'लट्टलूरपुरवराधीश्वर' हें बिरुद मिरविलें. त्यांची सत्ता तर बेळगांवकडे होती. सबब बिरुद कुळाचें मूळ सांगतें, सिंहासनाचें ठिकाण नव्हे. यानें लातुराचा मान उणावत नाहीं. राजकुळें दूर गेलीं तरी कित्येक शतकें ज्या गांवाचें नांव सोडीत नाहींत, त्याचें महत्त्व राजधानीहून कमी कां मानावें ?

दुसरा दोष कालनिर्णयाचा. जें खोदलेलें तें पांडवांचें, जें बांधलेलें तें हेमाडपंताचें, या दोन वाक्यांत सारा दिवस उरकला. खरोसा येथील जांभ्या दगडांतील लेणीं बर्जेसनें १८७८ च्या आपल्या अहवालांत वर्णिलीं; तीं सामान्यतः सहाव्या शतकाच्या सुमाराचीं मानतात. निलंग्याचें नीलकंठेश्वराचें त्रिकूट देवालय घाटावरून चालुक्यकालीन, बाराव्या शतकाकडील, मानलें जातें. हेमाद्रि हा महादेव व रामचंद्र या यादवांचा श्रीकरणाधिप, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांतील. 'हेमाडपंती' हा शब्द बांधणीचें नांव म्हणून चालेल. कर्त्याचें नांव म्हणून तो चालविला कीं चालुक्यांचें कर्तृत्व पुसलें जातें.

औशांत तर याहून मोठी उणीव दिसली. बहामनी काळापासूनचा व १६३६ त मोगलांनीं घेतलेला किल्ला बाहेरूनच दाखविला. वीरनाथ महाराजांच्या मंदिरांत दर्शन झालें. पण वीरनाथ-मल्लिनाथ परंपरा कोणती, तिचें चक्रीभजन पंढरपुरापर्यंत कसें पोंचलें, याविषयीं एक अक्षर नाहीं. दगड मुका असतो, परंपरा बोलती असते; बोलतीसच कोणी कांहीं विचारूं नये, हें नवल होय. मराठवाड्यांतील मठांत व घराघरांत पोथ्यांचीं बासनें वाळवीच्या तोंडीं आहेत. शेंकडों माणसें देवळाच्या दारापर्यंत येतात, आणि घरीं कांहीं जुने कागद आहेत काय, एवढा प्रश्नहि त्यांस घातला जात नाहीं.

आमची सूचना इतकीच. लेख काय सांगतो, लोक काय सांगतात व विद्वान काय अनुमानितात, या तिहींची मार्गदर्शकानें गल्लत करूं नये. दंतकथा सांगावी, पण दंतकथा म्हणून सांगावी. थांबे एकानें कमी करून तो वेळ औशास द्यावा. एवढें झाल्यास हा प्रवास संशोधनास साह्यकारी होईल. नाहींतर मंडळांनीं पन्नास वर्षें खोडून काढलेल्या चुका एका दिवसांत पुन्हां रुजतील.