शुश्रूषा आणि कारागृह-अधिनियमाची भाषा

कायद्याच्या संहितेचे भाषिक परीक्षण करण्याची रीत आपल्याकडे फारशी रुजलेली नाही. तुरुंगातील रुग्णसेवेचा विचार करू इच्छिणाऱ्याने मात्र १८९४ चा कारागृह-अधिनियम शब्दशः वाचावा.

त्याच्या ३ऱ्या कलमात ‘मेडिकल सबॉर्डिनेट’ या संज्ञेची व्याख्या आहे. असिस्टंट सर्जन, अपॉथिकरी आणि अर्हताप्राप्त हॉस्पिटल असिस्टंट एवढेच तीत येतात. परिचारिका येत नाही. शिवाय हे नामकरण कामावरून नव्हे, अधिकाराच्या पायरीवरून झालेले आहे.

खरा विचार करावयाचा तो ३७व्या कलमाचा. ‘सबॉर्डिनेट’ला भेटू इच्छिणाऱ्या किंवा शरीराने वा मनाने अस्वस्थ दिसणाऱ्या बंदिवानांची नावे पहाऱ्यावरील अधिकाऱ्याने अविलंब जेलरला कळवावी आणि जेलरने त्यांच्याकडे ‘सबॉर्डिनेट’चे लक्ष वेधावे, असे ते सांगते. पहिल्या वाक्याचे उद्देश्य ‘नावे’ हे आहे, दुसऱ्याचे ‘जेलर’. आजारी माणूस दोन्हीकडे विशेषणाच्या आश्रयाने उभा आहे. ‘अस्वस्थ दिसणारा’ असे म्हटले. पण दिसणारा कोणाला? अर्थातच पहारेकऱ्याला! म्हणजे रुग्णपरीक्षेची पहिली पायरी, जी एरवी प्रशिक्षित परिचारिकेच्या नजरेवर अवलंबून असते, ती येथे बंदोबस्ताच्या नजरेवर सोपविलेली आहे. ज्याला बोलता येत नाही त्याचाही समावेश या शब्दाने होतो, हा त्याचा गुण मान्य केला पाहिजे. तरीही बंदिवानाचा शब्द वैद्यकापर्यंत पोहोचतो तो दोन माणसांच्या तोंडून.

‘शुश्रूषा’ हा शब्द ‘श्रु’ धातूच्या इच्छार्थक रूपापासून आलेला आहे. ऐकण्याची इच्छा हा त्याचा मूळ अर्थ. आज्ञापालन आणि सेवा हे अर्थ मागाहून आले. तुरुंगातील परिचारिकेच्या ठायी या अर्थांचे भांडण सुरू असते. ऐकावयाचे कोणाचे, रुग्णाचे की जेलरचे? औषध देण्यासाठी कोठडी उघडावी लागते, आणि किल्ली तिच्यापाशी नसते.

संयुक्त राष्ट्रांच्या १९५५ च्या किमान नियमांतही तुरुंगातील रुग्णालयासाठी ‘योग्य प्रशिक्षित अधिकारी’ असावेत, एवढेच मोघम म्हटले होते. २०१५ मध्ये सुधारून ‘नेल्सन मंडेला नियम’ म्हणून स्वीकारलेल्या पाठात व्याकरण पालटले आहे. ३१व्या नियमात वैद्य किंवा इतर अर्हताप्राप्त आरोग्यकर्मी हाच कर्ता आहे, आणि आजारी वा तक्रार करणाऱ्या प्रत्येक बंदिवानापर्यंत त्याला रोज पोहोचता आले पाहिजे. त्याचा वैद्यकीय निर्णय इतरांनी डावलू नये, असे २७वा नियम बजावतो. १८९४ च्या ५०व्या कलमान्वये फटक्यांसारख्या शिक्षांपूर्वी वैद्यकीय अधिकाऱ्याने बंदिवान ती सोसण्यास समर्थ असल्याचा दाखला द्यावयाचा होता. उलट ४६वा नियम आरोग्यकर्मीला शिस्तभंगाच्या शिक्षेत कोणतीही भूमिका ठेवीत नाही. हे अंतर मोठे आहे.

परंतु संज्ञेचा प्रश्न सुटला असे म्हणता येत नाही. २५व्या नियमात मानसशास्त्र, मनोविकारचिकित्सा आणि दंतवैद्य यांचा स्पष्ट निर्देश आहे. परिचारिकेला मात्र ३१व्या नियमातील ‘इतर अर्हताप्राप्त’ या शब्दांतच शोधावे लागते.