नियम चांगले, पण पंच कच्चा असेल तर?

टेबलावर बसून खेळायच्या रोल-प्लेइंग गेम्सवाल्या मंडळींत एक विधान हमखास ऐकू येतं: नियम चांगले लिहिले की त्रास देणारा खेळाडूही वठणीवर येतो आणि कच्चा गेम मास्टरही निभावून नेतो. (गेम मास्टर म्हणजे गोष्ट सांगणारा आणि निवाडाही देणारा. कीर्तनकार आणि पंच एकाच माणसात!) विधान ऐकायला छान आहे, पण संशोधनाचा प्रश्न म्हणून फार ढिसाळ. ते तपासायला मी कबड्डी घेते. मावळात गावोगावी खेळली जाते, आणि तिचे नियम बदलताना आपण डोळ्यांनी पाहिलेत.

आधी ‘त्रास देणारा खेळाडू’ बघू. आघाडीवर असलेला संघ शेवटची पाच मिनिटं काय करायचा? चढाईला जायचं, निदान रेषा ओलांडायची, परत यायचं. प्रेक्षक शिव्या घालायचे. पण जुन्या नियमांत हा शहाणपणाच होता, कारण रिकाम्या चढाईची किंमत शून्य होती. प्रो कबड्डीत (2014 पासून) दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणायचा, नाहीतर चढाईपटू बाद आणि समोरच्याला गुण. माणूस तोच, स्वभाव तोच, वागणं बदललं. म्हणजे त्रास स्वभावातून नाही, नियमातल्या फटीतून येत होता.

पण पंचाच्या अंगावर धावून जाणारा खेळाडू? त्याचं तिसऱ्या चढाईने काहीच बिघडत नाही. हे दोघं एकाच शब्दात कोंबले तर तुमचं मोजमाप पहिल्याच दिवशी फसलं.

आता पंच. पूर्वी चढाई किती वेळ चालणार हे दमावर ठरायचं, आणि दम तुटला की नाही हे पंचाच्या कानावर. आता तीस सेकंदांचं घड्याळ आहे. दम अजूनही लागतो, पण वेळेचा वाद घड्याळाने संपवला. हा नियम कच्च्या पंचाला खरंच तारतो, कारण तो त्याच्याकडून एक निर्णय काढूनच घेतो. उलट बोनस रेषा बघा. पुढचा पाय रेषेपलीकडे टेकला तेव्हा मागचा हवेत होता का? हे कुणीतरी बघायलाच हवं. टीव्हीवर रिव्ह्यू मागता येतो. मावळातल्या एखाद्या गावच्या मैदानावर, हॅलोजनच्या उजेडात, कॅमेरा नसतो. नियमपुस्तक तेच, पण चुकीची किंमत मोजतो निवड चाचणीत एका गुणाने मागे राहिलेला पोरगा.

हा वाद नवा नाहीच. प्रशियन सैन्याचा युद्धखेळ, क्रीगश्पील, रायस्वित्झने 1824 मध्ये फासे आणि तक्त्यांनी बांधला. 1876 मध्ये व्हेर्डी द्यु व्हेर्न्वा म्हणाला, तक्ते बाजूला ठेवा, अनुभवी अधिकाऱ्याला ठरवू द्या. त्याच्याकडे अनुभवी अधिकारी होते, ही अट मात्र पुढे सगळे विसरतात. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ने (1974) शेवटचा शब्द गेम मास्टरला दिला. ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’ने (2010) गेम मास्टरनेही कधी काय करायचं हे नियमांतच लिहून टाकलं. लोणावळ्याच्या पावसात चार-चार दिवस खोलीत अडकून दोन्ही पद्धतींनी खेळलेय. नवख्याला दुसरी पद्धत सोपी जाते, हे माझं निरीक्षण. पुरावा म्हणून धरू नका. शिवाय नवखा वेगळा आणि मनमानी करणारा वेगळा. मनमानीवाला लिहिलेला नियमही गुंडाळून ठेवतो. कबड्डीत पंचाच्या वर सरपंच तरी असतो, टेबलावर कोण आहे?

म्हणून कुणी ‘2014 नंतर खेळ वेगवान झाला, नियमांचा परिणाम’ असं लिहिलं, की विचारा: त्याच वर्षी लिलाव आला, पैसा आला, प्राइम टाइम आला, त्यातलं नियमाचं किती? मला करावासा वाटणारा अभ्यास साधा आहे. तेच स्थानिक संघ, तेच पंच, अर्धे सामने तिसऱ्या चढाईच्या नियमाने, अर्धे त्याशिवाय, कुठला सामना कसा ते चिठ्ठी टाकून ठरवायचं. रिकाम्या चढाया मोजायच्या, आणि पंचाशी झालेले वाद वेगळ्या रकान्यात. पहिला आकडा घटेल असा माझा अंदाज आहे. दुसरा कदाचित वाढेलही, कारण तिसऱ्या चढाईतला प्रत्येक निसटता स्पर्श आता पंचाच्याच गळ्यात येणार.