शाळेसाठी लॅपटॉप : स्वस्त की व्यावसायिक?
जाहिरातींत लॅपटॉपची तुलना प्रोसेसरच्या वेगावरून होते. ही कसोटी आम्हांला अपुरी वाटते. धडगाव-अक्कलकुव्याच्या शाळेत गुणपत्रके करताना प्रोसेसर बहुतेक वेळ रिकामाच असतो. स्वस्त यंत्र अडखळते ते ४ जीबी रॅम भरून माहितीची ये-जा संथ हार्ड डिस्कवर सुरू झाल्यामुळे. ८ जीबी रॅम आणि एसएसडी असेल, तर अशा कामांत महाग यंत्राशी फरक क्वचितच जाणवतो. मात्र नंदुरबारच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो. तापलेला प्रोसेसर तेव्हा स्वतःच वेग घटवतो. जास्त पैसे मोजायचेच, तर उष्णता बाहेर टाकण्याच्या चांगल्या सोयीसाठी आणि बदलता येणाऱ्या भागांसाठी मोजावेत. तेव्हा शिक्षकहो, शाळेचा पैसा खर्चण्यापूर्वी दुकानदाराला विचारा : रॅम वाढवता येईल का? बॅटरी बदलून मिळेल का?