कणगीला हेक्टर नसतो

मदतीचे शासकीय निकष मी एक संहिता म्हणून वाचतो. गावगाड्यात माणूस कोणाला धरतात, हे तेथे कादंबरीहून स्पष्ट दिसते. आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांत पिकाचे ३३ टक्के नुकसान झाले की हेक्टरी मदत आहे. म्हणजे मोजायची ती जमीन! श्रावणातल्या पुरात कणगीतली ज्वारी कुजली, तर तिला हेक्टर कुठून आणायचा? घर दोन दिवसांहून अधिक बुडाले तर भांडीकुंडी, घरसामान मिळून कुटुंबामागे २५०० रुपये. मडक्यातल्या धान्याला वेगळा रकाना नाही. सातबारावाल्याचे उभे पीक तरी कागदावर येते. मजुरीची पायली पायली साठवणारी आमची बाई या संहितेत शेतकरी नाही, तिचे धान्य पीक नाही. मातीच्या वासाने गहिवरणाऱ्या आमच्या ग्रामीण समीक्षेलाही त्या कणगीत कधी डोकावावेसे वाटले नाही.