गुण स्मृतीचे की शाळेचे? ‘मोका’ चाचणीची चिकित्सा

सौम्य बोधनिक ऱ्हास, म्हणजेच एमसीआय, लवकर ओळखण्यासाठी कोणती चाचणी वापरावी, या प्रश्नाला बहुतेक विद्यार्थी एकच उत्तर लिहितात: मॉन्ट्रियल कॉग्निटिव्ह असेसमेंट, अर्थात ‘मोका’. एकूण 30 गुण, सुमारे 10 मिनिटे, 26 पेक्षा कमी गुण पडले तर शंका. उत्तर चुकीचे नाही, अपुरे आहे.

आधी ‘मोका’चे श्रेय तिला देऊ. फोल्स्टीन यांची 1975 मधील एमएमएसई चाचणी उघड स्मृतिभ्रंश टिपते, पण त्याआधीची अवस्था तिच्या हातून निसटते. नसरेद्दीन व सहकाऱ्यांच्या 2005 मधील कॅनडातील अभ्यासात एमसीआयच्या रुग्णांपैकी एमएमएसईने 18 टक्के ओळखले, तर ‘मोका’ने 90 टक्के. फरक प्रश्नांत आहे. उदाहरणार्थ, घड्याळ काढून अकरा वाजून दहा मिनिटे दाखवायची असतात. ‘दहा’ ऐकताच काटा थेट 10 या आकड्याकडे वळला, तर नियोजनशक्ती ढिली पडल्याचा संशय घेता येतो. प्रश्न खरोखर मार्मिक आहे.

आता हीच पेन्सिल तिसरीत शाळा सुटलेल्या, जन्मभर भाजी विकून तोंडी हिशेब चोख ठेवणाऱ्या आजींच्या हातात द्या. घनाकृती काढा, आकडे आणि अक्षरे आलटूनपालटून रेषेने जोडा. त्यांचे गुण इथे जातात, पण ते स्मृतीमुळे नव्हे. बारा वर्षे किंवा त्याहून कमी शिक्षण असल्यास ‘मोका’ एक गुण वाढवून देते. म्हणजे बारावी झालेल्याला आणि शाळेची पायरीही न चढलेल्याला सवलत सारखीच! कमी शिकलेल्यांसाठी पुढे ‘मोका-बेसिक’ निघाली, ती याच अडचणीतून. भाषेचा पेचही लहान नाही. इंग्रजीत ‘एफ’ने सुरू होणारे शब्द विचारतात. आपण ‘क’ दिला तर ‘किल्ला’, ‘कोथिंबीर’ धरायचे का? हा नियम आधी ठरला नसेल, तर दोन परीक्षकांचे गुण एकमेकांशी ताडताच येणार नाहीत.

त्याच अभ्यासात ‘मोका’ची विशिष्टता 87 टक्के होती. समजा, 1000 ज्येष्ठांपैकी 150 जणांना एमसीआय आहे. चाचणी त्यांतील 135 जणांना पकडेल. पण उरलेल्या 850 निरोग्यांपैकी सुमारे 110 जणांवरही बोट ठेवेल. हे गणित परीक्षेत क्वचितच विचारतात. विचारायला हवे.

हरियाणातील बल्लभगडच्या ग्रामीण ज्येष्ठांसाठी गांगुली व सहकाऱ्यांनी 1995 मध्ये मांडलेली हिंदी मेंटल स्टेट एक्झामिनेशन मला म्हणूनच महत्त्वाची वाटते. एमएमएसईत ‘डोळे मिटा’ हे वाक्य वाचून तसे करायचे असते. इथे परीक्षक स्वतः डोळे मिटतो आणि समोरच्याने त्याचे अनुकरण करायचे. वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराविषयी काही सांगायचे. हे भाषांतर नव्हे, प्रश्नाची फेरबांधणी आहे. अर्थात तिचा रोख स्मृतिभ्रंशावर होता. एमसीआयची सूक्ष्म घसरण टिपायला ती पुरेशी आहे, असे गृहीत धरू नये.

शिवाय निदान एकट्या गुणांवर होत नाही. पीटरसन यांच्या 1999 मधील निकषांत स्मृतीची तक्रार, वयाच्या मानाने कमी स्मृती आणि तरीही शाबूत दैनंदिन व्यवहार, हे सारे एकत्र लागते. आपल्याकडे यातला शेवटचा निकषच निसरडा आहे. बँकेचे काम मुलगा करतो, औषधे सून काढून देते; मग आजोबांचे व्यवहार शाबूत आहेत की इतरांनी उचलले आहेत, हे कोण सांगणार? नैराश्य, थायरॉइडचा विकार, बी-12 ची कमतरता आणि साधे कमी ऐकू येणे, हेही आधी तपासावे लागते.

उलट बाजूचा धोका तर अधिक लपलेला. गणिताचे निवृत्त प्राध्यापक 27 गुण मिळवतात आणि ‘सामान्य’ ठरतात. पाच वर्षांपूर्वी ते 30 मिळवत असतील, तर ही घसरण एका बैठकीत दिसणार नाही. त्यांना पुन्हा बोलवावे लागेल आणि सरावाने गुण फुगू नयेत म्हणून चाचणीची पर्यायी आवृत्ती द्यावी लागेल. पाच शब्दांपैकी जो आठवला नाही, तो सूचक इशारा दिल्यावर आठवला का, हीही नोंद घ्यावी. अशा आठवणीला ‘मोका’च्या बेरजेत गुण नाही, पण शब्द मनात साठलाच नव्हता की फक्त सापडत नव्हता, हे तिथेच उमगू लागते.