कोलेस्टेरॉल घटविणारी औषधे व मज्जापेशी : एका अनुमानाची मर्यादा

शरीरातील कोलेस्टेरॉलचा सुमारे पाचवा हिस्सा मेंदूत असतो आणि मेंदू तो बहुतांशी स्वतःच निर्माण करतो. तेव्हा यकृतासाठी योजिलेली स्टॅटिन औषधे मज्जापेशींना बाधक ठरतात काय, ही शंका रास्तच होय. हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातील अमिताभ चट्टोपाध्याय व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 साली दाखविले की, मेव्हास्टॅटिनने पेशीतील कोलेस्टेरॉल उणे झाले असता सिरोटोनिन ग्रहण करणाऱ्या प्रथिनाचे कार्य मंदावते. कोलेस्टेरॉल परत लाभताच ते सुधारते.

प्रयोग निर्दोष आहे. त्यावरून ‘स्टॅटिन मेंदू बिघडविते’ असे म्हणणे मात्र सयुक्तिक नव्हे. त्या पेशी मज्जापेशी नव्हत्याच. हॅमस्टरच्या बीजांडकोशातील पेशींत मानवी प्रथिन घातलेले होते. शिवाय काचपात्रात यकृत नसते, की रक्त व मेंदू यांमधील अडसर नसतो.

उलट बाजूचा पुरावाही जपूनच वापरावा लागतो. 2002 च्या ‘प्रॉस्पर’ चाचणीत 70 ते 82 वर्षांच्या 5,804 व्यक्तींत प्रव्हास्टॅटिनमुळे बुद्धिव्यापारात फरक आढळला नाही. परंतु हे औषध जलस्नेही आहे. मेदात विरघळणाऱ्या सिमव्हास्टॅटिनला तोच निर्वाळा आपोआप लागू होत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2012 मध्ये विस्मरणाच्या तक्रारींची नोंद माहितीपत्रकात घेतली. औषध थांबविल्यावर त्या ओसरतात, असेही नमूद केले.

हा विवेक केवळ ग्रंथालयापुरता नाही. गडचांदूरसारख्या सिमेंटच्या गावी एखादा हृदयरोगी ऐकीव अनुमानावरून गोळी सोडील, तर शंकास्पद विस्मरण टाळण्यासाठी तो निश्चित धोका पत्करील. त्याची तक्रार वैद्याने ऐकावी, औषध बदलून पाहावे. काचपात्राचा निकाल मात्र त्याच्या माथी मारू नये.