झाडीपट्टीचा रंगमंच आणि माणसाचा इतिहास

झाडीपट्टीच्या नाटकाला शहरी समीक्षक एक तर बटबटीत म्हणतो, नाहीतर ‘लोककलेचे जतन’ म्हणून त्याची पाठ थोपटतो. पहिल्यात तुच्छता आहे, दुसऱ्यात दया आहे. या नाटकाकडून विचाराची अपेक्षा दोघांनाही नाही.

धानाची कापणी झाली की दिवाळीनंतरच्या मंडईपासून होळीपर्यंत चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदियाच्या खेड्यांत रात्रभर नाटके चालतात. वडसा हे कंपन्यांचे केंद्र. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. ही दखल मोठीच. पण दखल म्हणजे समीक्षा नव्हे. कष्टकरी प्रेक्षक पदरचे पैसे मोजून ज्या रंगमंचापुढे जागतो, त्यावर कोणत्या माणसाचा इतिहास येतो, हे विचारलेच पाहिजे.

मी पाहिलेल्या बहुतेक प्रयोगांत दुष्ट पाटील गरिबाला नाडतो, शेवटी त्याला पश्चात्ताप होतो, आणि आपण सारी माणसेच, असे सांगून पडदा पडतो. घरातला पहिला पदवीधर मी; माझी निरक्षर आई अशा प्रवेशांना रडत आली आहे. ते रडणे खोटे नाही. खोटी आहे ती तडजोड. कारण या गरिबाला जातच नसते. त्याची वस्ती गावाच्या कोणत्या अंगाला, तो पाणी कुठून भरतो, हे नाटक सांगत नाही. जोतीरावांनी १८५५ मध्ये ‘तृतीय रत्न’ लिहिले, तेव्हा नाडणारा जोशी आणि नाडले जाणारे कुणबी जोडपे यांना त्यांच्या सामाजिक ओळखीसह उभे केले होते. जात लपवून सांगितलेली मानवता शोषकाच्याच सोयीची असते.

सामग्रीची उणीव नाही. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्यात इंग्रजांनी गोंड जमीनदार बाबुराव शेडमाके यांना फाशी दिले. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरनंतर दोनच दिवसांनी, बाबासाहेबांनी याच शहरात धम्मदीक्षा दिली. दोघांमध्ये अठ्ठ्याण्णव वर्षे आहेत. या दोन ऑक्टोबरांना जोडणारे नाटक मी अजून पाहिलेले नाही.

शेडमाक्यांच्या नाटकाला गोरा साहेब हा खलनायक पुरेसा वाटतो. पण त्यांना पकडून देण्यात अहेरीच्या जमीनदारीचा हात होता. आपल्यातलाच माणूस सत्तेच्या बाजूला का जातो, हा प्रश्न घेतला की नाटक अवघड होते आणि खरेही होते. १९५६वरचे नाटकही नुसत्या जयघोषावर उभे राहणार नाही. दीक्षा घेतलेल्या माणसाने आपल्या आदिवासी शेजाऱ्याला किती ओळखले, हे त्यात यावे लागेल. सामायिक माणूसपण अशा प्रश्नांतूनच सिद्ध करावे लागते. ते आयते मिळत नाही.

बोली आपली आहे, प्रेक्षक आपला आहे. आता आपल्या लिहित्या विद्यार्थ्यांनी अशी संहिता घेऊन वडशाला जावे. तिकीट खपणार नाही, असे कंपनीवाले म्हणतील. त्यांची भीती खोटी ठरवणे हे लेखकाचे काम आहे.